बिल्ला उलटा करून बघा: स्कॉटिश रेजिमेंटचे जुने बॅज जमवायचे आणि त्यांचं साल काढायचं कसं

ग्लासगोला बॅरास नावाचा बाजार भरतो, शनिवार-रविवारी, आपल्या जुन्या बाजारासारखाच, फक्त पाऊस जास्त. तिथे एका टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता आणि त्यात बॅज, बटणं, बकलं, सगळं एकत्र कालवलेलं. मी आपला टाईमपास म्हणून हात घालून चाळत होतो, तर एक चांदीसारख्या रंगाचा तारा हाताला लागला, मधे फुंकायचं शिंग, शिंगावर मुकुट आणि अगदी खाली नखाएवढा एक हत्ती. हत्तीच्या वरच्या पट्टीवर इंग्रजीत लिहिलेलं, असाये. दोन सेकंद लागले कळायला, अरे ही तर आपली असई! जालना जिल्ह्यातली. माझं आजोळ भोकरदनकडचं, त्यामुळे ग्लासगोत पावसात उभं राहून असईचा हत्ती हातात घेणं म्हणजे काय वाटलं असेल ते समजून घ्या. घासाघीस न करता पैसे दिले, जी पहिली चूक.

घरी आल्यावर प्रश्न पडला की हा कधीचा? विकणारा म्हणाला होता पहिल्या महायुद्धाचा. सगळेच विकणारे तेच म्हणतात. त्याचं उत्तर शोधता शोधता नाद लागला आणि आता घरात खोकी झालीत, बायको म्हणते भंगारवाला बोलवू का. तर जे शिकलो ते इथे लिहितोय, कोणाला हौस असेल तर माझ्याएवढे पैसे घालवायला नकोत.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. बॅजचं साल काढणं म्हणजे "हा १९१६चा" असं सांगणं नसतं, ते फार कमी वेळा जमतं. आपण काढतो त्या दोन कडा: याच्या आधीचा असूच शकत नाही, आणि याच्या नंतरचा असूच शकत नाही. जितके पुरावे मिळतील तितक्या त्या कडा जवळ येतात. मग मधे जे उरतं ते तुमचं उत्तर, भले ते पन्नास वर्षांचं असो.

पहिली मोठी कड १ जुलै १८८१ची आहे आणि ती तोंडपाठच करा. त्या आधी ब्रिटिश पायदळाच्या रेजिमेंट नंबरने ओळखल्या जायच्या, ४२वी, ७८वी, ९२वी अशा. १८८१ला चिल्डर्स नावाच्या मंत्र्याने सुधारणा केल्या, नंबर गेले, दोन-दोन रेजिमेंट एकत्र करून त्यांना प्रदेशाची नावं दिली. ४२ आणि ७३ मिळून ब्लॅक वॉच, ७१ आणि ७४ मिळून हायलँड लाइट इन्फंट्री (सगळे एचएलआयच म्हणतात), ७२ आणि ७८ मिळून सीफोर्थ हायलँडर्स, ७५ आणि ९२ मिळून गॉर्डन हायलँडर्स, ९१ आणि ९३ मिळून आर्गाइल अँड सदरलँड, २६ आणि ९० मिळून कॅमेरोनियन्स म्हणजेच स्कॉटिश रायफल्स. ७९वी एकटीच राहिली, क्वीन्स ओन कॅमेरॉन हायलँडर्स. रॉयल स्कॉट्स, रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स आणि किंग्ज ओन बॉर्डरर्स याही एकेकट्याच. म्हणजे स्कॉट्स गार्ड्स सोडून स्कॉटिश पायदळाच्या एकूण दहा. हे सगळं एकदम डोक्यात बसत नाही, मलाही कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवावा लागला होता.

तर बॅजवर नुसता नंबर असेल, ७८ किंवा ९३ वगैरे, तर अस्सल असल्यास तो १८८१च्या आधीचा. असे बहुतेक ग्लेनगॅरी बॅज असतात. ग्लेनगॅरी म्हणजे ती होडीसारखी घडीची टोपी, मागे दोन काळ्या फिती लोंबतात ती. नंबरवाले बॅज दुर्मिळ, महाग, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त नकला त्यांच्याच. त्यावर पुढे येतोच, माझी जखम आहे ती.

आता ओळख. चित्रं लक्षात ठेवली की निम्मं काम झालं. तारा, शिंग आणि हत्ती, म्हणजे माझा तो पहिला, हा एचएलआयचा. हरणाचं नुसतं डोकं आणि खाली गेलिक भाषेतली पट्टी, तिचा अर्थ "राजाला मदत कर", तो सीफोर्थचा. गोष्ट अशी सांगतात की मॅकेंझी घराण्याच्या पूर्वजाने स्कॉटलंडच्या राजाला चिडलेल्या नर हरणापासून, म्हणजे तिकडच्या स्टॅगपासून, वाचवलं होतं. हरणाचं डोकं आहे पण खाली छोटा मुकुट आणि भोवती आयव्हीच्या वेलीची माळ, पट्टीवर "बायडँड", म्हणजे गॉर्डन. नवखे लोक या दोघांत नेहमी गोंधळतात, माळ बघायची, माळ असली की गॉर्डन. रानडुकराचं डोकं आणि रानमांजर दोन्ही एकाच बॅजवर, मधे उलटसुलट गुंफलेलं एल अक्षर, हा आर्गाइल अँड सदरलँड, एल म्हणजे प्रिन्सेस लुईझ, व्हिक्टोरिया राणीची मुलगी, आणि आकाराने हा बॅज इतका मोठा की टोपीवर बशी लावल्यासारखा दिसतो. संत अँड्र्यू आपला तिरपा क्रॉस धरून उभा, भोवती काटेरी थिसलची माळ आणि खाली "कॅमेरॉन", म्हणजे कॅमेरॉन हायलँडर्स. संत अँड्र्यू आहे पण मागे मोठा तारा आणि खाली स्फिंक्स, म्हणजे ब्लॅक वॉच, स्फिंक्स १८०१च्या इजिप्त मोहिमेचा. एडिंबराचा किल्ला दिसला तर किंग्ज ओन स्कॉटिश बॉर्डरर्स. पेटलेला ग्रेनेड दिसला आणि त्याच्या गोळ्यावर राजचिन्ह असलं तर रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स. पाच टोकांचा तारा आणि खाली फुंकायचं शिंग म्हणजे कॅमेरोनियन्स. गरुड आणि खाली वॉटर्लू, ही घोडदळाची रॉयल स्कॉट्स ग्रेज, १८१५ला वॉटर्लूवर सार्जंट युअर्टने फ्रेंचांचं गरुडाचं निशाण हिसकावलं होतं त्याची आठवण.

आता मुकुट. कोणालाही विचारा, बॅजचं साल कसं काढायचं, तो म्हणणार मुकुट बघ. बरोबर आहे, पण अर्धवट. व्हिक्टोरिया राणीचा मुकुट १९०१पर्यंत, मग किंग्ज क्राउन १९०१ ते १९५२, मग एलिझाबेथ राणी आली की क्वीन्स क्राउन. आकार ओळखणं सोपं आहे, किंग्ज क्राउनच्या कमानी वर गोल, पालथ्या वाटीसारख्या. क्वीन्स क्राउनला मधे खड्डा आणि दोन्ही खांदे वर, पत्त्यातल्या बदामाचा वरचा भाग असतो तसा. व्हिक्टोरियाच्या मुकुटालाही मधे दबका खड्डा असतो पण तो बसका, चपटा, खांदे चौकोनी, आणि लोक नेमके या दोन राण्यांच्या मुकुटात फसतात, एलिझाबेथचा १९५५चा बॅज व्हिक्टोरियाचा म्हणून विकला जातो, कधी अज्ञानाने, कधी नाही. आणि आता आणखी एक भानगड, २०२२ला चार्ल्स राजा झाल्यावर पुन्हा गोल ट्यूडर मुकुट आला. म्हणजे इथून पुढे "गोल मुकुट आहे, म्हणजे १९५२च्या आधीचा" हे डोळे झाकून म्हणता येणार नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे, जी मला कोणी सांगितली नव्हती. स्कॉटिश बॅजपैकी निम्म्यांवर राजाचा मुकुटच नसतो! सीफोर्थ, कॅमेरॉन, कॅमेरोनियन्स, रॉयल स्कॉट्स, कशावरच नाही. गॉर्डनवर आहे तो ड्यूकचा छोटा मुकुट, आर्गाइलवर आहे तो राजकन्येचा, राजा मेला काय आणि राणी आली काय, ते बदलतच नाहीत. मुकुटाची युक्ती चालते ती ब्लॅक वॉच, एचएलआय, बॉर्डरर्स आणि फ्युजिलिअर्सवर. बाकीच्यांसाठी दुसरे रस्ते धरावे लागतात, आणि खरी मजा तिथेच आहे.

एक रस्ता नावाचा. रेजिमेंटची नावं बदलत गेली आणि बॅजवरची अक्षरंही. बॉर्डरर्सचं बघा, १८८१ ते १८८७ त्यांचं नाव नुसतं किंग्ज ओन बॉर्डरर्स होतं, "स्कॉटिश" हा शब्द १८८७ला आला. म्हणजे १८८१नंतरच्या घडणीच्या बॅजवर स्कॉटिश शब्द नसला तर सहा वर्षांची खिडकी मिळाली. ब्लॅक वॉच तर शिकायला एकदम मस्त, कारण तिथे दोन पुरावे एकत्र येतात. जुन्या बॅजवर ताऱ्यावर पट्ट्या असतात, त्यांवर "द रॉयल हायलँडर्स" आणि "ब्लॅक वॉच" लिहिलेलं. १९३०च्या दशकाच्या मध्यावर रेजिमेंटचं नाव थोडं बदललं आणि त्या पट्ट्या काढून टाकल्या. आता मुकुटाशी जोडून बघा. पट्ट्या आहेत आणि मुकुट व्हिक्टोरियाचा, म्हणजे १९०१पर्यंतचा. पट्ट्या आहेत आणि मुकुट राजाचा, तर १९०१ ते तीसचं दशक. पट्ट्या नाहीत, मुकुट राजाचा, तर तीसच्या दशकापासून १९५२, यातच दुसरं महायुद्ध येतं. पट्ट्या नाहीत आणि मुकुट राणीचा, म्हणजे त्यानंतरचा. आणि पट्ट्या आहेत पण मुकुट एलिझाबेथचा असा कोणी दाखवला तर हात जोडून निघून या.

शेवटच्या कडाही उपयोगी पडतात. एचएलआय आणि रॉयल स्कॉट्स फ्युजिलिअर्स २० जानेवारी १९५९ला एकत्र करून रॉयल हायलँड फ्युजिलिअर्स केली. म्हणजे एलिझाबेथच्या मुकुटाचा एचएलआय बॅज फक्त सहा-सात वर्षांचाच असू शकतो, राजाच्या मुकुटाच्या मानाने कमी दिसतो. सीफोर्थ आणि कॅमेरॉन १९६१ला एकत्र झाल्या. कॅमेरोनियन्सनी १९६८ला विलीन होण्यापेक्षा विसर्जन पत्करलं. आणि २००६ला सगळ्यांची मिळून रॉयल रेजिमेंट ऑफ स्कॉटलंड झाली, तिरप्या क्रॉसवर सिंह, तो बॅज दुकानात नवा मिळतो, अँटिकवाल्यांना त्यात रस नाही. मधे एक काळ असाही होता, १९५८-५९ पासून साठच्या दशकाअखेरपर्यंत, की रेजिमेंटचे बॅज बाजूला ठेवून सगळ्या हायलँड रेजिमेंटना एकच ब्रिगेडचा बॅज दिला, तिरप्या क्रॉसवर हरणाचं डोकं. सैनिकांना तो अजिबात आवडला नव्हता असं जुने लोक सांगतात. डब्यात तो दिसला आणि कोणी "सीफोर्थ, पहिलं महायुद्ध" म्हणालं तर हसू नका, फक्त घेऊ नका.

तर आता मुख्य गोष्ट. बॅज उलटा करा.

पुढची बाजू सगळे बघतात, नकली करणाराही तीच बघून करतो. खरं बोलते ती मागची बाजू. साध्या सैनिकाचा बॅज हा पातळ पत्र्यावर दोन ठशांमध्ये दाब देऊन मारलेला असतो, त्यामुळे पुढे जे वर आलंय ते मागे खोल गेलेलं दिसतं, हरणाच्या नाकाच्या मागे नाकाचा खड्डा, पट्टीच्या मागे पट्टीची खाच. पृष्ठभाग गुळगुळीत, कडा धारदार. ओतीव नकल असेल तर मागचा भाग सपाट किंवा अंधुक, आणि भिंगातून बघितलं की बारीक बारीक टोचे दिसतात, रव्यासारखा खरखरीतपणा. वजनही जास्त लागतं. सोनाराचं दहापट भिंग घ्या, फार महाग नसतं, आणि त्याशिवाय बाजारात जाऊच नका.

माझ्याकडचा सीफोर्थ समोर ठेवून सांगतो. हरणाच्या शिंगांना फांद्या आहेत आणि फांद्यांच्या मधली जागा मोकळी, आरपार दिसते. अस्सलमध्ये ही जागा वेगळ्या पंचने कापून काढलेली असते, त्यामुळे आतली कड सरळ, उभी, आणि मागच्या बाजूला बोट फिरवलं तर किंचित बोचते, पत्रा कापल्यावर जी कोर येते ती. ओतीव नकलेत हीच कड गोलसर, साबणासारखी झिजल्यागत, आणि एखाद्या बेचक्यात धातूचा पातळ पडदा राहून गेलेला असतो. मी आता शिंगांपासूनच सुरुवात करतो, दहा सेकंदांत निम्मे बाद होतात. मात्र एक सांगतो, ऑफिसरांचे चांदीचे बॅज आणि खांद्यावरच्या प्लेडचे, म्हणजे चौकडीच्या उपरण्याचे, मोठे ब्रोच कधीकधी खरेच ओतीव असतात, तिथे नुसतं ओतीव आहे म्हणून नकली म्हणू नका.

मागे बॅज अडकवायची सोय काय आहे ते बघा. तारेच्या दोन कड्या असतात, त्या टोपीच्या कापडातून आत घालायच्या आणि आतून पितळी पिन सरकवायची. ग्लेनगॅरीवर लावायचे म्हणून स्कॉटिश बॅजना या कड्या शेवटपर्यंत राहिल्या. दुसरा प्रकार स्लायडर, म्हणजे मागे उभी पट्टी, टोपीच्या खाचेत वरून सरकवायची. ती पट्टी आली १९००च्या आसपास. आता डोकं चालवा, नंबरवाला, म्हणजे १८८१च्या आधीचा बॅज आणि मागे स्लायडर, हे कसं शक्य आहे? नाहीच. एक तर बॅज नकली किंवा कोणी नंतर पट्टी चिकटवली.

हे मला कळलं ते पैसे गेल्यावर. ऑनलाइन एकाने ७८वीचा ग्लेनगॅरी बॅज टाकला होता, त्यावरही असईचा हत्ती. ७८वी म्हणजे असईला लढलेलीच रेजिमेंट, मी वेडा झालो. फोटो फक्त पुढचा. मी मागचा फोटो मागितलाच नाही, कारण मनातून भीती की विचारलं तर दुसरा कोणी घेईल. पार्सल आलं, फोडलं, उलटा केला, तर मागे चकचकीत स्लायडर आणि सोल्डरचा हा एवढा गोळा. विकणाऱ्याला लिहिलं, तो म्हणाला त्याच्या आजोबांचा आहे. आजोबा असतील, बॅज नव्हता. शिकवणीची फी समजून ठेवलाय तो, टेबलावर पेपरवेट म्हणून वापरतो, वजन तेवढं आहेच त्याला. म्हणून नियम एकच, मागचा फोटो नाही तर पैसे नाहीत, मग कितीही गोड बोलू दे.

कड्यांची झीजही बघा. खरोखर टोपीवर राहिलेल्या बॅजच्या कड्या आतून पिन घासून थोड्या झिजलेल्या असतात, सोल्डर काळवंडलेलं असतं, बॅजच्याच वयाचं वाटतं. बॅज जुना आणि कड्या कोऱ्या तांबूस, सोल्डर चमकतंय, तर किमान दुरुस्ती झालीय, ती विकणाऱ्याने स्वतः सांगितली पाहिजे.

धातूने बरंच कळतं. "व्हाइट मेटल" लिहिलेलं असतं त्याला घाबरू नका, ते आपल्याकडचं जर्मन सिल्व्हरच, चांदीचा अंशही नसलेलं. "गिल्डिंग मेटल" म्हणजे तांबं जास्त असलेलं पितळ. दोन्ही जोडून केलेले दुरंगी बॅजही असतात, आणि पहिल्या महायुद्धात १९१६च्या सुमारास काटकसर म्हणून असे काही बॅज अख्खे पितळी काढले, ते सापडले तर चांगली खिडकी मिळते. दुसऱ्या महायुद्धात तर धातूच वाचवायचा म्हणून प्लॅस्टिकचे बॅज काढले, करडे, तपकिरी, मागे दोन पातळ धातूच्या पट्ट्या वाकवायला. पहिल्यांदा बघितला तेव्हा खेळण्यातला समजून मी परत ठेवला होता, नंतर कळलं की तोच सगळ्यात नक्की साल सांगणारा होता. बसलो हळहळत. १९५०च्या दशकापासून आले अॅनोडाइज्ड अॅल्युमिनियमचे, हातात घेतल्यावर हलके, चमक कधी जात नाही, सैनिकाला पॉलिश करायला नको. हे अँटिक नाहीत. तसं तर व्यापारात अँटिक म्हणजे साधारण शंभर वर्षं धरतात, त्यामुळे १९४०चा बॅज कितीही छान असला तरी अजून अँटिक झालेला नाही, "जुना" म्हणा.

लोहचुंबक खिशात ठेवा. जर्मन सिल्व्हरला चिकटत नाही, पितळ, चांदी, अॅल्युमिनियम कशालाच नाही. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. बॅज हातातून सोडा, पुढचं टेबल बघा.

ऑफिसरांचे बॅज मात्र वेगळी दुनिया, खरी चांदी, आणि खऱ्या चांदीवर हॉलमार्क, जो थेट साल सांगतो. चार-पाच बारीक ठसे असतात, त्यात एक शहराचा: जहाजाचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, तीन बुरुजांचा किल्ला म्हणजे एडिंबरा, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. एडिंबराच्या चांदीवर १९७४पर्यंत थिसलचं फूलही असतं, त्यानंतर त्या जागी उभा सिंह आला. एक अक्षर सालाचं असतं, दरवर्षी बदलतं, आणि शहरागणिक वेगळं, म्हणून आधी शहर ओळखायचं, मगच अक्षराचा तक्ता उघडायचा, उलटं केलं की पंचवीस-तीस वर्षं सहज चुकतात. आणि व्हिक्टोरिया राणीचं बारीक डोकं ठशांमध्ये दिसलं तर समजा १८९० किंवा आधीचं, कारण तो कराचा ठसा होता आणि १८९०ला चांदीवरचा कर गेल्यावर तो बंद झाला. नुसतं "सिल्व्हर" किंवा "स्टर्लिंग" कोरलेलं असलं तर सालाचा हा फायदा मिळत नाही. बनवणाऱ्या कंपनीचं नाव मागे असतं कधीकधी, चांगली गोष्ट, पण नावावर विश्वास टाकू नका, जो बॅज नकली करतो त्याला नाव नकली करणं काय अवघड आहे. शिवाय जुने ठसे शिल्लक राहतात आणि त्यांवरून पुढे पुन्हा माल निघतो, त्याला रीस्ट्राइक म्हणतात. ठसा जुना, बॅज नवा. हे पकडणं सगळ्यात कठीण, तिथे कड्या, सोल्डर आणि जास्तच कोरा चेहरा एवढंच हाताशी असतं.

सुरुवातीला आणखी एक गल्लत होते. सगळेच बॅज टोपीचे नसतात. कॉलरचे असतात, ते छोटे आणि बऱ्याचदा जोडीने, एक प्राणी डावीकडे बघणारा एक उजवीकडे. सीफोर्थच्या कॉलरवर हत्ती असायचा, गॉर्डनच्या कॉलरवर वाघ. तो वाघही आपल्याकडचाच, ७५वीने हिंदुस्थानात गाजवलेल्या सेवेबद्दल १८०७ला मिळालेला, सोबत "इंडिया" लिहिलेलं. आणि मागे साडीपिनेसारखी पिन असलेले नाजूक बॅज म्हणजे स्वीटहार्ट ब्रोच, सैनिक घरी बायकोला नाहीतर मैत्रिणीला द्यायचे. सुंदर असतात, पण टोपीचा बॅज म्हणून त्याच भावात घेऊ नका. कोणी टोपीच्या बॅजच्या कड्या काढून पिन लावलेलीही असते, कड्यांच्या जागी गोल डाग दिसतात बघा.

शिवाय १९०८च्या आधीच्या व्हॉलंटिअर तुकड्या आणि नंतरच्या टेरिटोरियल बटालियन्स, म्हणजे नोकरीधंदा सांभाळून सैनिकी करणाऱ्यांच्या, यांचे बॅज वेगळेच. सीफोर्थच्या ५व्या बटालियनवर हरणाऐवजी रानमांजर आहे. ग्लासगो हायलँडर्स ही एचएलआयची बटालियन, पण बॅज ब्लॅक वॉचसारखा दिसतो. तिथे मी अजूनही विचारल्याशिवाय खरेदी करत नाही.

कुठून सुरुवात करायची? आधी बघा, मग घ्या. स्कॉटलंडला आलात तर स्टर्लिंगच्या किल्ल्यात आर्गाइलचं म्युझियम आहे, पर्थला बालहाउझी कासलमध्ये ब्लॅक वॉचचं, अॅबरडीनला गॉर्डनचं, इन्व्हरनेसजवळ फोर्ट जॉर्जला सीफोर्थ-कॅमेरॉनचं आणि ग्लासगोत सॉकीहॉल स्ट्रीटवर एचएलआय-फ्युजिलिअर्सचं. काचेमागे अस्सल माल शंभर वेळा बघितला की डोळा तयार होतो, धान्याच्या दुकानात जन्म गेलेला माणूस तांदूळ हातात घेऊन जात सांगतो ना, तसं. आणि विषय एकच धरा. मी सगळं घ्यायचो पहिल्या वर्षी, आता फक्त हिंदुस्थानाशी संबंध असलेले घेतो. २३ सप्टेंबर १८०३ला असईला ७४ आणि ७८ या दोन्ही हायलँड रेजिमेंट दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसल्यांच्या फौजेसमोर उभ्या होत्या, ७४वीचे तर जवळपास सगळे ऑफिसर मेले किंवा जखमी झाले, म्हणून पुढे एचएलआय आणि सीफोर्थ दोघांकडेही हत्ती गेला. आपल्याच मुलखातल्या पराभवाची खूण त्यांनी टोपीवर मिरवली हे बघून सुरुवातीला थोडं लागतंही. आणि गंमत म्हणजे आपल्या भारतीय लष्करातल्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावरही आजही असईचाच हत्ती आहे.

मुंबईत, पुण्यात जुन्या बाजारातही असे बॅज निघतात, तिथे छावण्या होत्याच त्यांच्या. फक्त लक्षात ठेवा, १९७२च्या पुरातन वस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू खाजगी माणसाला भारताबाहेर नेता येत नाही, सुटकेसमध्ये टाकून नेऊ नका. उलट इकडे स्कॉटलंडमध्ये जमिनीत डिटेक्टरने काही सापडलं तर ते तुमचं होत नाही, कळवावं लागतं.

आता सफाई. थोडक्यात सांगायचं तर करू नका. माझा स्कॉट्स गार्ड्सचा पितळी तारा होता, वर्षानुवर्षांचा छान मधासारखा रंग आलेला, आणि मी घरच्या सवयीने चिंच-मीठ लावून घासला, देवाच्या समईसारखा. समई निघते तसा तो निघाला, शिवाय मधे मधे गुलाबी चट्टे पडले, आणि तो जुना रंग काही परत आला नाही. धूळ मऊ ब्रशने झाडा. हिरवा गंज धरला असेल तर लाकडी टूथपिकने हळू उकरा, मग कोमट पाण्याचा पुसट हात आणि लगेच कोरडं. सैनिकाने स्वतः घासून घासून हरणाचे डोळे पुसून टाकलेले असतील तर ती झीज तशीच राहू द्या, ती खरी असते. ठेवताना पीव्हीसीच्या मऊ पाकिटात नको, चिकट होतं आणि धातू खातं. ओकच्या लाकडाच्या खणातही नको. साधी अॅसिड-फ्री कागदाची पाकिटं, त्यात सिलिका जेलची पुडी, कोकणात-मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी पुड्या बदला. आणि प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीने लिहा, कुठून घेतला, कितीला, विकणारा काय म्हणाला आणि तुम्हाला काय वाटतं. शेवटच्या दोन गोष्टी वेगवेगळ्या ओळींत.

माझा तो पहिला हत्ती? परवा पुन्हा काढून बघितला. मुकुट गोल, म्हणजे १९०१ ते १९५२, नवा ट्यूडर मुकुट यावर येऊच शकत नाही कारण एचएलआय १९५९लाच संपली. जर्मन सिल्व्हर, ठशात मारलेला, मागे दोन कड्या, डावी जास्त झिजलेली. हॉलमार्क नाही, कंपनीचं नाव नाही. पहिल्या महायुद्धाचा असूही शकतो, पण तसं म्हणायला माझ्याकडे काहीच नाही. पाकिटावर लिहिलंय: "विकणारा म्हणतो १९१४-१८." खाली: "१९०१-१९५२. डावी कडी सैल, हलवू नये."